यकृत कोणाचे ऐकते?

रात्री नऊला जेवून सकाळी आठला न्याहारी केली, तर मधले अकरा तास पोटात काही जात नाही. मेंदूला मात्र साखर सतत लागते. प्रौढ माणसाचा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो आणि झोपेतही ही मागणी फारशी उतरत नाही. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी असते जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज. एकट्या मेंदूला ते तासभर पुरेल. तरीही निरोगी माणसाचे रक्त पहाटे तपासले, तर साखर आपल्या नेहमीच्या पातळीवरच सापडते. रात्रभर ती कोणीतरी बेताबेताने रक्तात सोडत असते.

हे काम यकृत करते, हे पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले. फक्त मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही त्यांना साखर आढळली. म्हणजे ती अन्नातून आलेली नव्हती. पुढे १८५५ मध्ये त्यांनी एका प्राण्याचे यकृत काढून घेतले, त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून ते साखरेचा अंशही उरणार नाही इतके धुतले आणि तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती! यकृत ती आपल्याजवळच्या साठ्यातून तयार करत होते. १८५७ मध्ये बर्नार यांनी तो साठ्याचा पदार्थ वेगळा काढला. तोच ग्लायकोजेन.

शहरातल्या इमारतीत नळाला पाणी तासभर येते आणि गच्चीवरच्या टाकीमुळे ते दिवसभर पुरते. साखरेच्या बाबतीत यकृत ही टाकी आहे. जेवणानंतर त्यात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठते आणि उपवास लांबला तर ते साधारण एका दिवसात संपत येते. मात्र टाकीला न जमणारी एक गोष्ट यकृताला जमते. साठा उतरू लागला की ते नवी साखर बनवते. स्नायूंतून आलेले लॅक्टेट, प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्ले आणि चरबीतले ग्लिसरॉल हा त्यासाठीचा कच्चा माल.

साठा केव्हा सोडायचा, नवी साखर बनवायला केव्हा लागायचे आणि केव्हा थांबायचे, हे यकृताला संप्रेरकांकडून कळते. त्यांतल्या काही संप्रेरकांचा माग आपण या प्रकरणात रक्तापासून यकृतपेशीच्या केंद्रकातल्या जनुकांपर्यंत काढणार आहोत. वाटेत एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येईल. संप्रेरकाचा परिणाम त्याच्या एकट्याच्या हाती नसतो. ऐकणारी पेशी कोणती, तिच्या आत कोणती प्रथिने हजर आहेत आणि त्याच वेळी दुसरी कोणती संप्रेरके आली आहेत, यावर तो ठरतो. मधुमेह आणि फॅटी लिव्हर समजून घ्यायचे तर याच गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

सर्वांत आधी यकृताला

रक्तातली साखर सांभाळणारी दोन मुख्य संप्रेरके स्वादुपिंडात तयार होतात. जेवणानंतर इन्शुलिन वाढते आणि उपाशीपोटी ग्लुकागॉनचा जोर वाढतो. स्वादुपिंडातले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आतड्यांतल्या रक्ताबरोबर ते पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून आधी यकृतात येते. त्यामुळे दोन्ही संप्रेरके सर्वांत आधी आणि सर्वांत दाट स्वरूपात यकृताला मिळतात. आलेल्या इन्शुलिनपैकी जवळजवळ निम्मे यकृत पहिल्याच फेरीत काढून घेते. उरलेलेही रक्तात फार टिकत नाही. दर चारपाच मिनिटांनी ते निम्मे होत जाते.

निरोप इतका अल्पायुषी असणे गरजेचे आहे. जेवणाची वर्दी तासन्‌तास रक्तात घुमत राहिली असती, तर यकृताला बदलत्या परिस्थितीची खबर लागलीच नसती.

दाराशी आलेला निरोप

ग्लुकागॉन हा छोटा प्रथिनाचा तुकडा आहे. पेशीभोवतीचे मेदाचे पटल त्याला ओलांडता येत नाही. मग बाहेर राहून तो आतले काम कसे सुरू करतो? याचे उत्तर अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात अर्ल सदरलंड आणि थिओडोर रॉल यांनी शोधले.

त्यांनी यकृत वाटून घेतले. या लगद्यात ग्लुकागॉन किंवा ॲड्रिनॅलिन घातले की ग्लायकोजेन तोडणारे एन्झाइम जागे होई. मग त्यांनी लगदा वेगाने फिरवून पेशीपटलाचे जड कण खाली बसवले आणि वरचा द्रव वेगळा केला. आता द्रवात संप्रेरक घालून काही होईना. मात्र खाली बसलेल्या कणांवर संप्रेरक घातले, त्यांतून निघालेला रस उकळला आणि तो द्रवात मिसळला, तर एन्झाइम पुन्हा जागे झाले. प्रथिने उकळल्यावर सहसा निकामी होतात. हा पदार्थ उकळूनही टिकला, म्हणजे तो एखादा लहान रेणू असणार. १९५७-५८ मध्ये त्याची ओळख पटली: सायक्लिक एएमपी. संप्रेरक दाराशी थांबते आणि आत त्याचा निरोप हा दुसरा दूत नेतो. या शोधासाठी सदरलंड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सायक्लिक एएमपी वाढले की प्रोटीन कायनेज-ए नावाचे एन्झाइम कामाला लागते. इतर प्रथिनांना फॉस्फेटचा गट चिकटवणे हे त्याचे काम. फॉस्फेट चिकटला की प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते, काढला की ते पूर्ववत होते. या साध्या युक्तीने ग्लायकोजेन काही मिनिटांत फुटू लागते. इथवर पेशीने नवे काहीच बनवलेले नाही, असलेल्या एन्झाइमांना फक्त जागे केले आहे. उपवास लांबला तर तेवढ्याने भागत नाही. नवी साखर बनवायला जास्तीची एन्झाइमे लागतात, आणि त्यांची कृती जनुकांत लिहिलेली असते.

केंद्रकाच्या आत

जनुक चालू होते म्हणजे त्याच्या डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होते. प्रत काढायची की नाही, हे जनुकाच्या आसपासच्या डीएनएवर कोणती प्रथिने बसली आहेत त्यावर ठरते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये मार्क माँटमिनी यांनी असे एक प्रथिन शोधले. त्याचे नाव क्रेब. प्रोटीन कायनेज-ए केंद्रकात शिरून क्रेबच्या साखळीतल्या १३३ व्या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवते. मग क्रेबभोवती मदतनीस प्रथिने जमतात आणि शेजारच्या जनुकाची प्रत निघू लागते.

यकृतातल्या ज्या जनुकावर हे सर्वांत बारकाईने अभ्यासले गेले, ते पेपसीके या एन्झाइमचे. नव्या साखरेच्या वाटेवरचा हा कळीचा टप्पा. रिचर्ड हॅन्सन यांनी क्लीव्हलंडमध्येच यावर अनेक वर्षे काम केले. १९८२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की उंदरांमध्ये सायक्लिक एएमपी वाढवले तर या जनुकाच्या प्रती काढण्याचा वेग अर्ध्या तासाच्या आत कित्येक पटींनी वाढतो. उलट बाजू पुढच्याच वर्षी डॅरिल ग्रॅनर आणि सहकाऱ्यांनी मांडली. यकृताच्या पेशींवर इन्शुलिन घातले की त्याच जनुकाचे काम काही मिनिटांत मंदावते.

या जनुकाची आरएनए प्रतही अल्पायुषी असते. सुमारे अर्ध्या तासात तिची संख्या निम्मी होते. त्यामुळे जनुक बंद झाले की एन्झाइमचे नवे उत्पादनही लवकर थांबते. सकाळी पहिला घास पोटात गेल्यावर यकृत रात्रीची वहिवाट इतक्या झटपट मोडू शकते, ते यामुळे.

इन्शुलिनच्या दोन वाटा

इन्शुलिनही पेशीच्या बाहेरच थांबते. पृष्ठभागावरचा त्याचा ग्राही, म्हणजे निरोप झेलणारे प्रथिन, स्वतःच एन्झाइम आहे. इन्शुलिन बसले की तो आतल्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो आणि साखळीने तो निरोप एकेटी नावाच्या एन्झाइमपर्यंत पोहोचतो. इथून वाट फुटते.

पहिली वाट फॉक्सओ-१ या प्रथिनाकडे जाते. उपाशीपोटी ते केंद्रकात बसून साखर बनवणारी जनुके चालू ठेवते. एकेटी त्यावर तीन ठिकाणी फॉस्फेट लावते. तसे झाले की दुसरे एक प्रथिन फॉक्सओ-१ला धरून केंद्रकाबाहेर नेते आणि साखरेची जनुके शांत होतात. ही यंत्रणा फार जुनी आहे. मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीतही तिचे रूप सापडते आणि तिथे ती कृमीच्या आयुर्मानाशी जोडलेली आहे.

दुसरी वाट एसआरईबीपी-१सी या प्रथिनाकडे जाते. डॅलस इथल्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या या कुटुंबाचा सखोल अभ्यास झाला. इन्शुलिन वाढले की हे प्रथिन केंद्रकात जाते आणि चरबी बनवणारी जनुके चालू करते. जेवणात जास्तीची साखर आली तर तिचा काही भाग चरबी होऊन साठावा, हे शरीराच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे.

म्हणजे निरोगी यकृताला इन्शुलिन एकाच वेळी दोन गोष्टी सांगते: साखर बनवणे थांबव आणि चरबी बनवायला लाग.

थेट जनुकापर्यंत जाणारी संप्रेरके

काही संप्रेरकांना दूत लागत नाही. मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतले कॉर्टिसॉल मेदात विरघळते, त्यामुळे पेशीचे पटल सहज ओलांडते. पेशीत त्याचा ग्राही दुसऱ्या प्रथिनांच्या आधाराने वाट पाहत असतो. कॉर्टिसॉल मिळताच तो केंद्रकात जातो आणि जोडीने डीएनएच्या एका ठरावीक मजकुरावर बसतो: सहा अक्षरे, मध्ये तीन अक्षरांची जागा, पुन्हा सहा अक्षरे. यकृतात तो पेपसीकेचे आणि अमिनो आम्ले मोडणाऱ्या एन्झाइमांचे काम वाढवतो. त्याच वेळी कॉर्टिसॉल स्नायूंतून अमिनो आम्ले सोडवून कच्चा मालही पुरवते.

डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलचेच कृत्रिम आणि कितीतरी प्रबळ भावंड. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत या औषधाने अनेकांचे प्राण वाचवले आणि त्याच वेळी अनेक रुग्णांची साखर एकाएकी चढवली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी हे जवळून पाहिले. औषध फुप्फुसासाठी दिले होते, पण कॉर्टिसॉलचा ग्राही यकृतातही आहे आणि तिथे त्याने आपले नेहमीचे काम केले.

संप्रेरके जनुकांवर काम करतात, ही कल्पना १९६० मध्ये नवी होती. त्या वर्षी उल्रिख क्लेव्हर आणि पीटर कार्लसन यांनी एका माशीसदृश कीटकाच्या अळीला कात टाकायला लावणारे संप्रेरक टोचले. तिच्या महाकाय गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आलेले त्यांना सूक्ष्मदर्शकातून दिसले. तिथे जनुके उघडत होती. सस्तन प्राण्यांत हे दाखवण्यात मूळचे मुंबईचे जमशेद टाटा यांचा मोठा वाटा आहे. लंडनमध्ये काम करताना १९६३ मध्ये त्यांनी थायरॉइड काढलेल्या उंदरांना थायरॉइडचे संप्रेरक दिले, आणि सोबत आरएनएच्या प्रती रोखणारे ॲक्टिनोमायसिन-डी. संप्रेरकाने एरवी वाढणारा चयापचयाचा वेग या वेळी वाढला नाही. पुढे त्यांनी दाखवले, की थायरॉइड संप्रेरक दिल्यावर आधी यकृताच्या केंद्रकांत आरएनए वाढते आणि त्यानंतर शरीराचा चयापचय वेग घेतो. कारण आधी आणि कार्य नंतर, हा क्रम त्यांनी प्रयोगातून मांडला.

थायरॉइडच्या ग्राहीची तऱ्हा वेगळीच निघाली. १९८६ मध्ये तो ओळखला गेला. संप्रेरक नसतानाही तो डीएनएवर बसलेला असतो आणि सोबतच्या प्रथिनांच्या मदतीने जनुक दाबून ठेवतो. टी-३ हे थायरॉइडचे संप्रेरक येऊन त्याला चिकटले की ती दाबणारी प्रथिने सुटतात, चालना देणारी येऊन बसतात आणि जनुक उघडते. रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेणाऱ्या ग्राहीचे जनुकही यकृतात टी-३मुळे वाढते. थायरॉइड मंदावलेल्या माणसाचे कोलेस्टेरॉल चढते, त्यामागचे हे एक मोठे कारण. कोलेस्टेरॉल वाढलेले दिसल्यावर डॉक्टर थायरॉइडची टीएसएच तपासणी सांगतात, ती यासाठी.

एकच संप्रेरक, निरनिराळ्या पेशी

शरीराच्या बहुतेक सगळ्या पेशींत जनुके तीच असतात आणि कॉर्टिसॉल रक्तातून सगळीकडे पोहोचते. तरी ते यकृतात साखर वाढवते आणि रोगप्रतिकारक पेशींना आवरते. हा फरक डीएनएच्या गुंडाळणीतून येतो. प्रत्येक पेशीत डीएनएचा बराचसा भाग प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. यकृत घडत असताना फॉक्सए आणि एचएनएफ-४ अल्फा यांसारखी प्रथिने त्यातले ठरावीक भाग उघडे करून ठेवतात. नंतर आलेले संप्रेरक आपल्या ग्राहीमार्फत मुख्यतः या उघड्या भागांवरच बसू शकते. यकृताची ओळख आधी ठरते, संप्रेरकाचे काम त्या चौकटीत चालते.

याची सुंदर साक्ष बेडकात मिळते. अंड्यातला पिवळा बलक ज्या प्रथिनापासून बनतो, ते व्हिटेलोजेनिन मादीच्या यकृतात तयार होते. नर बेडकाला इस्ट्रोजेन दिले, तर त्याचे यकृतही ते बनवू लागते. जमशेद टाटा यांनी पुढच्या काळात याच यंत्रणेवर दीर्घ संशोधन केले. नराच्या यकृतात हे जनुक आयुष्यभर होते, त्याला निरोप कधी मिळाला नव्हता. नव्वदच्या दशकात इंग्लंडच्या नद्यांत सांडपाणी सोडले जाते तिथल्या नर माशांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन आढळले, आणि पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काम करणारी द्रव्ये मिसळत असल्याचे उघड झाले. आज हे प्रथिन नद्यांच्या प्रदूषणाची खूण म्हणून मोजतात.

निरोपाची लयही अर्थ बदलते. नर उंदरात वाढीचे संप्रेरक काही तासांच्या अंतराने उसळ्या घेत येते, मादीत ते बरेचसे सलग असते. नराला ते सलग दिले, तर त्याच्या यकृतातली औषधे मोडणारी कितीतरी जनुके मादीसारखी वागू लागतात. संप्रेरक तेच, एकूण मात्राही महत्त्वाची, पण ताल बदलला आणि जनुकांचा प्रतिसाद बदलला.

अर्धेच ऐकणारे यकृत

आता टाइप-२ मधुमेहाकडे येऊ. या आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत रक्तात इन्शुलिन भरपूर असते, बरेचदा नेहमीपेक्षा जास्तच. पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. यालाच इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात. पण यकृत इन्शुलिनला सर्वस्वी बहिरे झाले असते, तर साखर वाढली असती आणि चरबी बनणे कमी झाले असते. उंदरांच्या यकृतातून इन्शुलिनचा ग्राहीच काढून टाकल्यावर नेमके तेच घडले: साखर चढली, रक्तातले ट्रायग्लिसराइड उतरले. टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णात मात्र साखरही जास्त आणि चरबीही जास्त असते.

२००८ मध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी या विसंगतीचा अर्थ लावला. यकृत इन्शुलिनचा निम्मा निरोप ऐकते. फॉक्सओ-१ची वाट तुंबते, त्यामुळे साखर बनणे थांबत नाही. एसआरईबीपी-१सीची वाट मात्र चालू राहते, त्यामुळे चरबी बनत राहते. साखर उतरेना म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते आणि त्याने चरबीला आणखी जोर येतो. यकृतातली बरीच चरबी शरीरातल्या चरबीपेशींतून सुटलेल्या मेदाम्लांपासूनही येते, आणि ही नवी चरबी तिच्यात भर घालते. एका चुकीचे दोन परिणाम एकमेकांना खतपाणी घालत राहतात.

आपल्याकडे हा विषय अधिक निकडीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांवरच्या अभ्यासातही याज्ञिक यांच्या गटाला हाच कल दिसला: वजनाने लहान, तरी चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या यकृतातही चरबी असू शकते. वजनकाट्यावर विसंबून तिच्याकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही.

पुन्हा ऐकू येण्यासाठी

निरोप कसे वाचले जातात हे कळल्यावर औषधांची दिशाही बदलते. ग्लुकागॉनला सरसकट अडवणारी औषधे तयार करून पाहिली गेली. साखर उतरली, पण यकृतातली चरबी वाढली, कारण ग्लुकागॉन चरबी जाळायलाही मदत करते. याउलट थायरॉइडच्या बाबतीत निवड साधता आली. टी-३च्या ग्राहीचे दोन प्रकार आहेत. यकृतात मुख्यतः बीटा असतो, हृदयात अल्फा. बीटावर अधिक काम करणारे रेसमेटिरॉम मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत चरबीमुळे सुजलेल्या आणि व्रण पडू लागलेल्या यकृतासाठी मंजूर झाले. हृदयाचे ठोके फारसे न वाढवता यकृताच्या जनुकांशी बोलणे हा त्यामागचा विचार.

सर्वांत आशादायक पुरावा मात्र आहारातून आला. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे रॉय टेलर यांच्या गटाने टाइप-२ मधुमेह असलेल्या ११ जणांना देखरेखीखाली दिवसाला सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. स्वादुपिंड सावरायला पुढचे काही आठवडे लागले. यकृताने मात्र इन्शुलिनचा विसरलेला अर्धा निरोप आठवड्याभरात पुन्हा ऐकला होता. इतका कडक आहार कोणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, विशेषतः मधुमेहाची औषधे चालू असताना. पण त्यातून निघणारा निष्कर्ष प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. बहुसंख्य रुग्णांत यकृताचे हे अर्धवट ऐकणे कायमचे नसते आणि त्याची दुरुस्ती चरबी उतरवण्यापासून सुरू होते. म्हणून मधुमेहाच्या तपासणीत यकृतातली चरबी पाहण्याला साखरेच्या आकड्याइतकेच मोल मिळायला हवे, आणि तेही आजार जुना होण्याची वाट न पाहता.